अर्थिंगचा खड्डा

पोलादपूरला मी ज्यांच्या माडीवर तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, युनिट राहत. नोकरीची एकतीस वर्षं त्यांनी तालुक्यातल्या घरोघरच्या विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्यात काढली होती, त्यातली निम्मीअधिक पायी. बाजारात कुणी हात जोडले की काका डोळे बारीक करून क्षणभर बघत आणि तो माणूस पुढे गेल्यावर पुटपुटत, "बावीस युनिटवाले. आईचा पंखा." म्हणजे त्या गृहस्थांच्या घरी महिन्याला बावीस युनिट जळत आणि त्यातला मोठा वाटा अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पंख्याचा होता. आई जाऊन दहा वर्षं झाली असतील. काकांच्या डोक्यात तो पंखा अजून फिरत होता.

"मीटर खोटं बोलत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. गणपतीला मुंबईहून मुलगा आला की नाही, सून नांदायला परत आली की नाही, म्हाताऱ्यानं टीव्ही बघणं कधी सोडलं, हे सगळं त्यांना मीटरवरून कळायचं म्हणे. मी म्हणायचे, "काका, हे चहाड्या करण्यासारखं झालं." त्यावर ते गंभीरपणे म्हणत, "मी कुणाला सांगितलं कधी? वाचायचं नि पुढं जायचं."

माझी नोकरी महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. महाडात खोली परवडेना म्हणून पोलादपूर गाठलं. तोवर चार घरमालकांनी माझी जात, लग्न, मांसाहार आणि घरी येण्याची वेळ विचारून झाली होती. काकांनी एकच विचारलं. "गिझर किती मिनिटं लावणार?"

मी म्हटलं, दहा.

"सात पुरतात," ते म्हणाले आणि किल्ली दिली. दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या मिनिटाला खालून काठीनं तक्तपोशी ठोकल्याचा आवाज येऊ लागला. पहिला महिनाभर मी इतकी चिडायचे की मुद्दाम पाणी सोडून उभी राहायचे. मग सवय झाली. आता पुण्यात स्वतःच्या घरात राहते, कुणी ठोकणारं नाही, तरी सात मिनिटांत अंघोळ उरकते आणि स्वतःवरच वैतागते.

काकांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकी. काकी अंगानं बारीक आणि जिभेनं तिखट. त्यांची किडनी निकामी झाली आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार महाडला डायलिसिस सुरू झालं, तेव्हा सुरुवातीला भाड्याची जीप यायची. सहा महिन्यांत लक्षात आलं की पेन्शन अर्ध्या महिन्यातच जीपवाल्याच्या खिशात जाते आहे. मग बासष्टाव्या वर्षी काका गाडी चालवायला शिकले आणि निवृत्तीच्या पैशातून एक जुनी, हातबदल झालेली विजेवरची गाडी घेऊन आले. रंग फिका हिरवा, एका दारावर ओरखडा. विकणाऱ्यानं एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते ते छातीठोक सांगितलं होतं. काकांनी त्याचे निम्मे केले. "त्यातनं घाट वजा कर, बॅटरीचं वय वजा कर, नि बोलणाऱ्याची जीभ वजा कर," ते मला म्हणाले. पुढे हिशेब त्यांचाच खरा निघाला.

गाडीसाठी त्यांनी वेगळा मीटर बसवून घेतला. गाडीचे युनिट घरच्या मीटरवर चढले की घराचा दरही वरच्या पायरीवर जातो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या तिघांच्या दिव्यापंख्याला गाडीनं महाग करावं हे त्यांना मान्य नव्हतं. पोलादपूर ते महाड जाऊन-येऊन सहा युनिट. ऐंशी टक्क्यांच्या वर भरायची नाही, तिसाच्या खाली उतरू द्यायची नाही. महामार्गावरच्या एका हॉटेलाबाहेर झटपट चार्ज करणारं मशीन आलं होतं, तिथं ते एकदाच गेले. अर्ध्या तासात गाडी भरली, पण एकेक युनिटाला घरच्या दुपटीहून जास्त पडले. परतताना सगळा रस्ता ते तोंडातल्या तोंडात हिशेब करत होते. शेवटी म्हणाले, "हॉटेलातलं जेवण. पोट भरतं, पण घरी आल्यावर भाकरी खावीशी वाटते."

डायलिसिसच्या तिन्ही दिवशी मीही त्यांच्याबरोबर निघायचे, ते मला वसाहतीच्या फाट्यावर सोडायचे. काकी पुढे, मी मागे. एसी बंद. वेग पंचेचाळीस, कारण त्याच्यापुढे एका युनिटात कमी अंतर कापलं जातं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खात. काका आरशात बघतसुद्धा नसत. "वाजवू दे. त्यांचा हॉर्न, त्यांची बॅटरी."

"अवो, एवढ्यात मी चालत पोचले असते," काकी म्हणायच्या.

"चालताना युनिट नाय लागत, पण तू लागतीस," काका म्हणायचे. पुढच्या दोन वळणांपर्यंत काकी खिडकीबाहेर बघत हसत असत. डायलिसिसला जाणारी बाई इतकी हसते हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

काकांचं दुसरं वेड म्हणजे तिसरी पिन. त्यांच्या गाडीच्या चार्जरला एक डबी होती. प्लग लावला की डबीवरचा दिवा हिरवा झाला तर गाडी वीज घेणार. अर्थिंग नसेल, म्हणजे प्लगची तिसरी पिन तारेनं खरोखर जमिनीत पोचलेली नसेल, तर दिवा लाल. मग कितीही विनवा, गाडी एक युनिट घेणार नाही. आणि आमच्या भागात घरोघर तिसरं भोक नावालाच असतं, मागे तार नसते. बल्ब दोघांवर पेटतो, तिसऱ्याची आठवण कुणाला येणार? काका मात्र कुणाच्याही घरी गेले, अगदी साखरपुड्याला गेले, तरी खिशातला टेस्टर काढून आधी प्लग तपासत. "भोक हाय, माती नाय," असा निकाल देत. यजमानांना वाटे, चहाला उशीर झाला म्हणून बोलताहेत.

आमच्या परसात त्यांनी स्वतः खड्डा खणून अर्थिंग केलं होतं. कमरेएवढा खोल खड्डा, तळाला तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि खडेमिठाचे एकाआड एक थर, पत्र्यातून वर आलेली तार. माती ओली राहिली तरच ते काम करतं, म्हणून रोज सकाळी एक तांब्या पाणी. काकी तुळशीला पाणी घालत त्याच वेळी काका खड्ड्याला घालत. पाठीला पाठ लावून दोघांची दोन दैवतं.

काकींचं माहेर आंबेनळी घाटात, अर्ध्या वाटेवर आत फुटणाऱ्या रस्त्यानं गेलं की लागणाऱ्या वाडीत. तिथं त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून काकींनीच त्याला कडेवर वाढवलेला. पण सहा वर्षांत काकी माहेरी गेल्या नव्हत्या, आणि त्याला कारण काका. वडील गेल्यावर भावानं हक्कसोडीचा कागद सहीसाठी पाठवला होता, की वडिलांच्या जमिनीत बहिणीनं आपला हिस्सा सोडला. काकी सही करायला बसल्याच होत्या. काका म्हणाले, वाचल्याशिवाय नाय. त्यांनी वाचला. त्यात जमिनीचा गट नंबर चुकला होता. त्यांनी तो पेन्सिलीनं गोल करून, बाजूला "दुरुस्त करून पाठवावे" असं लिहून कागद परत पाठवला. त्यांच्या दृष्टीनं मदत केली. भावाच्या दृष्टीनं बहिणीनं सही नाकारली, नि तेसुद्धा दाजींच्या अक्षरात. कागद आला तसा परत पाठवून त्यानं बोलणं टाकलं. इतक्या साध्या गोष्टीवरून सहा वर्षं जावीत याचा मला अजून राग येतो. काकांचाही येतो.

त्या वर्षी होळीच्या आसपास काकी गाडीत म्हणाल्या, "मला एक रात्र तिथं झोपायचं हाय. आईच्या खोलीत. मग काय व्हायचं ते होऊ दे."

काकांनी वेग पंचेचाळीसवरून चाळीसवर आणला. मग म्हणाले, "तिथं तिसरी पिन नाय."

मला वाटलं, झालं, यांचं सुरू. मी मागून तोंड घातलं. एका रात्रीचा प्रश्न आहे, जीप करा आणि जा. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. जीपवाला सोडून खाली येणार. वर फोन लागत नाही. रात्रीतून काकींना धाप लागली तर गाडी दारात हवी, आणि ती भरलेली हवी. घाट चढून गेल्यावर त्या जुन्या बॅटरीत निम्मंही उरणार नव्हतं. खाली महाड गाठायला तेवढं पुरेल. पण आंबेनळीत कधी दरड येईल सांगता येत नाही. खालचा रस्ता बंद झाला तर वर चढून, महाबळेश्वरावरून सातारा गाठावा लागेल. "अर्ध्या बॅटरीवर तिला घेऊन मी तिथं झोपणार नाय," ते म्हणाले.

म्हणून त्यांनी ठरवलं की आधी वाडीत जाऊन अर्थिंग करायचं, मग काकींना न्यायचं. एसटीच्या कंडक्टरबरोबर मेव्हण्याला निरोप धाडला, "रविवारी येतो." बस, एवढाच. कशाला येतो हे सांगायचं त्यांना सुचलंच नाही.

रविवारी मला बरोबर घेतलं, कारण मी "केमिकलवाली", मीठ मला कळणार. मागच्या सीटवर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कोळशाची दोन पोती, पायांत खडेमीठ, मांडीवर तांब्याचा पत्रा. घाटात गाडीचा आवाज नाही म्हणून माकडं रस्त्यातून हलत नव्हती. प्रत्येक वळणावर काका थांबून त्यांना जाऊ देत होते.

मेव्हणा पन्नाशीचा, काकींसारखाच बारीक. त्यानं पाणी दिलं, आक्का कशी आहे विचारलं. काका पाणी पिऊन उठले, सरळ घराच्या मागच्या कोपऱ्यात फणसाजवळ गेले आणि भिंतीपासून टेप लावून मोजू लागले. मोजून झाल्यावर चार खुंट्या ठोकल्या. पहार घेतली. गुडघाभर खणून झाल्यावर मला म्हणाले, "बाय, कोळसा आण."

मी पोतं ओढत आणलं तेव्हा मेव्हणा खड्ड्याच्या कडेला उभा होता. तो पोत्याकडे बघत होता.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "हद्द घालताय?"

मला काही कळेना. काकांनाही क्षणभर कळलं नाही. मग त्यांचा चेहरा उतरला. नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं, की पूर्वी जमिनीच्या हद्दीवर धोंडा बसवताना त्याखाली कोळसा पुरत. धोंडा कुणी हलवला तरी कोळसा कुजत नाही. भांडण लागलं की पंच खणून बघत आणि कोळसा सापडेल ती हद्द धरत. सहा वर्षांपूर्वी सही न केलेल्या बहिणीचा नवरा, टेप, खुंट्या, पहार आणि कोळसा घेऊन परसात उतरला होता. मेव्हण्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

"हद्द नाय रे. अर्थिंग," काका म्हणाले. त्यांनी गाडीतून डबी आणली, घरातल्या प्लगला लावली, लाल दिवा दाखवला. वीज जमिनीत कशी जाते ते पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढून सांगितलं. मीही माझं विज्ञान पाजळलं. जितकं जास्त समजावलं तितकं ते रचलेलं वाटू लागलं.

"तुमचं सगळं बरोबरच असतं दाजी," मेव्हणा म्हणाला. "त्या कागदावर पण बरोबरच व्हतं. आक्काला हिस्सा पायजे तर आक्कानं येऊन सांगावं. असा कोपऱ्यातनं नको."

काकांनी पहार खाली ठेवली. पोती, मीठ, पत्रा, सगळं तिथंच राहू दिलं. "कोळसा चुलीला होईल," म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. घाट उतरताना गाडी आपसूक थोडी चार्ज होते, आणि एरवी प्रत्येक टक्का वाढला की ते मला मोठ्यानं सांगत. त्या दिवशी चार टक्के वाढले. त्यांनी पाहिलंच नाही. मला त्यांची कीव आली.

घरी आल्यावर काकींनी विचारलं, झालं का? काका म्हणाले, "खडक लागला."

काकींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "खडक, का माझा भाऊ?"

मग सगळं सांगावं लागलं. काकी भिंतीला टेकून ऐकत होत्या. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर नवऱ्याला तरी बोलतील. दोन्ही केलं नाही. मला म्हणाल्या, "गो, कागद घे. मी सांगते तसं लिही. सुधारू नको."

मी लिहिलं ते असं. "दाजींनी घातली ती हद्दच समज. त्या खड्ड्याएवढी जागा माझी. बाकी सगळी तुझी. जुन्या कागदावर सही केली हाय, सोबत धाडते. तेवढी खड्ड्याची सोडत नाय, कारण ती असली तर मला यायला जागा राहील. शनिवारी येते, एक रात्र."

सही करण्यासाठी काकींनी तो जुना कागद ट्रंकेतून काढला. पेन्सिलीचा गोल तसाच होता. काका दाराशी उभे राहून बघत होते. त्यांचे ओठ हलले. गट नंबर अजून चुकीचाच होता, आणि चुकीच्या नंबरावर सही करून, तीही कुठल्या कचेरीत नोंद न करता, कायद्यानं काहीच सुटत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते वळले. परसात जाऊन भर दुपारी खड्ड्याला पाणी घालू लागले.

कागद सोमवारी कंडक्टरबरोबर वर गेला. मंगळवारी काही नाही, बुधवारी काही नाही. गाडीत काकी मुद्दाम माझ्या कारखान्यातल्या गोष्टी विचारायच्या आणि उत्तर ऐकायच्या नाहीत.

शुक्रवारी मी शिफ्ट संपवून दवाखान्यात गेले, परतीला त्यांच्याबरोबर जायचं म्हणून. काकींच्या पलंगाशी स्टुलावर मेव्हणा बसला होता. काका खिडकीजवळ उभे. मेव्हण्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते, ते तो मांडीवर उलटे ठेवून लपवत होता.

"खडक व्हता आक्का," तो सांगत होता. "दोन हात खाली. फोडला."

"कोळसा घातलास?" काकांनी विचारलं.

"घातला. मीठ पण. पत्र्याची तार वर काढून ठेवलीय, पुढचं तुम्ही बघा."

काकांनी थर किती, पत्रा उभा की आडवा, पाणी किती घातलं, सगळं विचारून घेतलं. मेव्हण्यानं एकेकाचं उत्तर दिलं. कागदाचा विषय कुणीच काढला नाही. काकींच्या हाताला मशीनच्या नळ्या लावलेल्या होत्या, त्यांनी दुसऱ्या हातानं भावाचा फोड आलेला तळवा उलटा करून पाहिला आणि धरून ठेवला.

शनिवारी ते दोघे वर गेले, रविवारी संध्याकाळी आले. काकांनी मला जिन्यावरच गाठून सांगितलं की दिवा पहिल्या फटक्यात हिरवा झाला, व्होल्टेज कमी म्हणून वेळ लागला, पण सकाळपर्यंत ऐंशी. सोमवारी गाडीत मी काकींना विचारलं, "झोप लागली का आईच्या खोलीत?"

"नाय गो," त्या म्हणाल्या. "जागीच व्हते. सहा वर्षांनी गेल्यावर झोपंत कोण घालवंल?"

त्यानंतर त्या आणखी सात वेळा वर जाऊन राहिल्या. दर वेळी शनिवारी जायच्या, रविवारी यायच्या, डब्यात भावजयीनं दिलेलं काहीतरी असायचं, जे त्यांना पथ्यामुळे चालत नसे आणि मला मिळत असे. पुढे मी पुण्याला नोकरी घेतली. कार्तिकात काकी गेल्या. दवाखान्यातच गेल्या, बुधवारी, मशीनवर असताना. मला सुट्टी मिळाली नाही, ही गोष्ट मी स्वतःला माफ केलेली नाही.

तेराव्यानंतर काकांना फोन केला. ते नेहमीसारखेच बोलत होते, सावकाश, मोजून. तिसऱ्या दिवशी रक्षा नदीत सोडायला निघाले तेव्हा मेव्हणा आडवा आला, म्हणाले. त्यानं थोडी मागितली.

"कशाला म्हटलं, तर म्हणतो, आक्काच्या जागेत घालायची हाय. मी म्हटलं, घाल. पण वरवर नको, मिठाच्या थराखाली घाल. नि पाणी घालत जा."

"मग?"

"म्हणतो, दाजी, पाणी तर मी रोजच घालतो."